वडिलांना सीओपीडी, रक्तात इओसिनोफिल 6 टक्के: स्टिरॉइडचा पंप चालू ठेवायचा की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 67 वर्षांचे. तीसेक वर्षं बिडी ओढली, दोन वर्षांपूर्वी सोडली. स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी) करून सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं निदान झालं आहे. गेल्या वर्षभरात दोनदा दम उसळला, त्यात एकदा अ‍ॅडमिट करून ऑक्सिजन लावावा लागला. अ‍ॅडमिट असतानाच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) पांढऱ्या पेशी 13,600 आणि त्यांतल्या इओसिनोफिल या प्रकारच्या पेशी 0 टक्के होत्या. दोन महिन्यांनी, तब्येत बरी असताना, पांढऱ्या पेशी 7,200 आणि इओसिनोफिल 6 टक्के. एका डॉक्टरांनी स्टिरॉइडसह तीन औषधं असलेला पंप लिहून दिला. दुसरे म्हणाले, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, स्टिरॉइड कशाला?’ शेजारच्या काकांनी ‘हा तर इस्नोफिलिया’ म्हणून हत्तीरोगावरच्या हेट्राझानच्या गोळ्या सुचवल्या. शिवाय चुलीवर स्वयंपाक केलेल्या आईलाही अलीकडे धाप लागते, तर तिचंही रक्त तपासून घ्यावं का?

माझं उत्तर: पहिल्या डॉक्टरांचं बरोबर आहे, पंप बंद करू नका. हेट्राझान घेऊ नका. 0 टक्क्यांचा रिपोर्ट या हिशेबात धरूच नका. आईचं शेवटी सांगतो, तिचा प्रश्न वेगळा आहे. हे असं का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे कागद घेऊन तुम्हाला पुढेही वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागेल आणि दर वेळी हाच वाद नव्याने निघेल.

सुरुवात टक्के बाजूला ठेवून करू. सीओपीडीत आपल्याला लागतो तो प्रत्यक्ष आकडा, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात किती इओसिनोफिल आहेत तो. रिपोर्टवर याला एईसी म्हणतात. तो छापलेला नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्यांनी गुणून शंभराने भागायचं. वडिलांचे 7,200 गुणिले 6 भागिले 100, म्हणजे 432. नुसते टक्के किती फसवतात पाहा: एखाद्याच्या पांढऱ्या पेशी 5,000 आणि इओसिनोफिल 6 टक्के असतील तर एईसी 300 येतो. दुसऱ्याच्या पेशी 12,000 आणि टक्के फक्त 3, तरी एईसी 360. टक्के अर्धे असूनही आकडा मोठा.

आता ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्याकडे येऊ. लॅबच्या कागदावर उजवीकडे जी मर्यादा छापलेली असते, ती निरोगी माणसांच्या रक्तावरून ठरवलेली असते. बहुतेक लॅबमध्ये टक्क्यांची वरची मर्यादा 6 च्या आसपास आणि एईसीची 440 किंवा 500 असते. त्यामुळे 432 पुढे बाण येत नाही, ठळक अक्षरं येत नाहीत आणि डॉक्टरांची नजर पुढे सरकते. पण आपला प्रश्न ‘हे रक्त निरोगी माणसासारखं आहे का’ हा नाहीच. आपला प्रश्न आहे, ‘सीओपीडी असलेल्या या माणसाला पंपातल्या स्टिरॉइडचा फायदा होईल का?’ त्या प्रश्नासाठीच्या रेषा वेगळ्या आहेत, 100 आणि 300 या. लॅबच्या दृष्टीने नॉर्मल असलेला 350 चा आकडा छातीच्या डॉक्टरच्या दृष्टीने बराच बोलका असतो. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद वाचला तो बरोबरच वाचला, फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

या रेषा कुठून आल्या? सीओपीडीत श्वासनलिकांना जी सूज असते ती बहुतेकांत न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची असते. धुरामुळे येणारी ही सूज स्टिरॉइडला फारशी दाद देत नाही. पण काही रुग्णांत, साधारण पाचातल्या एक ते दोघांत, त्या सुजेत इओसिनोफिलचाही मोठा वाटा असतो. इओसिनोफिल स्टिरॉइडसमोर टिकत नाहीत. म्हणून अशा रुग्णांना स्टिरॉइडचा पंप दिला की दम उसळण्याचे प्रसंग कमी होतात. खरं तर हे थुंकीतले इओसिनोफिल मोजून ओळखायला हवं, पण थुंकीची ती तपासणी किचकट आहे आणि मोजक्याच ठिकाणी होते. रक्तातला आकडा हा तिला सोयीचा पर्याय आहे. तो तिच्याशी तंतोतंत जुळतो असं नाही, पण साध्या सीबीसीत मिळतो.

जुन्या मोठ्या चाचण्यांचे आकडे या दृष्टीने पुन्हा तपासले गेले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. 2014 च्या विस्डम चाचणीत तिन्ही औषधं घेणाऱ्या रुग्णांचं स्टिरॉइड बारा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद केलं. सगळे रुग्ण एकत्र धरले तर मोठे अटॅक, म्हणजे दम उसळण्याचे प्रसंग, वाढले नाहीत, आणि त्यावरून बऱ्याच डॉक्टरांनी ‘स्टिरॉइड नकोच’ असा अर्थ काढला. नंतर इओसिनोफिलनुसार गट पाडून पाहिलं तेव्हा ज्यांचा आकडा 300 किंवा वर होता, त्यांचे अटॅक स्टिरॉइड काढल्यावर वाढलेले दिसले. 2018 च्या इम्पॅक्ट चाचणीत दहा हजारांहून जास्त रुग्ण होते. तीन औषधांच्या पंपाने श्वासनलिका रुंदावणाऱ्या दोनच औषधांच्या पंपापेक्षा अटॅकचं प्रमाण 25 टक्क्यांनी कमी केलं, आणि आकडा जसा चढत गेला तसा हा फायदाही वाढत गेला. ‘जसा चढत गेला तसा’ हे लक्षात ठेवा. 299 ला दार बंद आणि 301 ला उघडं, असं शरीरात काही नसतं. 100 च्या खाली फायदा जवळजवळ नाही, 300 च्या वर भरपूर शक्यता, मधला पट्टा डॉक्टरने रुग्णाकडे बघून ठरवायचा. दरवर्षी निघणाऱ्या ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही 2019 पासून याच रेषा धरल्या आहेत.

पण हा आकडा एकटा उपयोगाचा नाही. त्याच्या शेजारी ‘गेल्या बारा महिन्यांत काय झालं’ हे मांडावंच लागतं. पंपातलं स्टिरॉइड मुख्यतः अटॅक टाळण्यासाठी आहे, रोजची जिना चढतानाची धाप कमी करणं हे प्रामुख्याने बाकीच्या दोन औषधांचं काम. समजा कुणाचा एईसी 450 आहे, पण तीन वर्षांत एकदाही दम उसळला नाही, जास्तीच्या गोळ्या लागल्या नाहीत, अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही. अशा माणसाला मी केवळ आकड्यावरून स्टिरॉइड जोडणार नाही. तुमच्या वडिलांचं तसं नाही. वर्षात दोन अटॅक, त्यातला एक अ‍ॅडमिट करण्याइतका, आणि बरे असताना 432. दोन्ही बाजू एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून पहिल्या डॉक्टरांशी मी सहमत आहे.

आता तो 0 टक्क्यांचा रिपोर्ट. दोन महिन्यांत शून्यावरून 432, म्हणजे लॅबची चूक, असं तुम्हाला वाटलं असणार. चूक असण्याची गरज नाही. शरीरात जोराचा जिवाणू संसर्ग असला की इओसिनोफिल रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात. दुसरं कारण आपल्याकडे त्याहून जास्त भेटतं: धाप लागलेला माणूस हॉस्पिटलात पोहोचण्याआधी गावातल्या दवाखान्यात जातो. तिथे त्याला डेरिफायलिन आणि डेक्साचं इंजेक्शन मिळतं. डेक्सा म्हणजे स्टिरॉइड. ते दिल्यावर काही तासांतच रक्तातले इओसिनोफिल कोसळतात. मग हॉस्पिटलात रक्त काढलं जातं आणि रिपोर्टवर येतो 0 किंवा 1. घरचे सांगतात ‘काही दिलं नाही, फक्त एक सुई मारली’. त्या सुईत काय होतं हे कुणी लिहून दिलेलं नसतं. पुढचा डॉक्टर तो शून्य पाहून ‘याला स्टिरॉइडचा उपयोग नाही’ असं ठरवतो आणि तो शिक्का फाइलला चिकटून राहतो. वडिलांना त्या दिवशी आधी कुठे इंजेक्शन दिलं होतं का, ते आठवून बघा.

उपचार ठरवण्यासाठीचा एईसी तब्येत स्थिर असताना काढलेला हवा. सर्दी-ताप नको, अँटिबायोटिक चालू नको, स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन होऊन पुरेसे दिवस गेलेले हवेत. मी साधारण महिनाभर थांबतो. पंपातल्या स्टिरॉइडने आकडा थोडाफार हलतो, पण गोळीसारखा आपटत नाही, त्यामुळे तपासणीसाठी पंप बंद करू नका. सकाळी इओसिनोफिल थोडे कमी असतात आणि रात्री वाढतात, तेव्हा दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त दिलं तर तुलना सोपी जाते. उपाशीपोटी जायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक विचारतात: मोजलं कसं? मोठ्या लॅबमध्ये जी ‘फाइव्ह पार्ट’ मशिनं असतात ती पाचही प्रकारच्या पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या ओळखतात आणि हजारो पेशी मोजतात. तालुक्याच्या किंवा गल्लीतल्या लॅबमध्ये अजूनही ‘थ्री पार्ट’ मशिनं भरपूर आहेत. ती इओसिनोफिल वेगळे दाखवतच नाहीत. मग टेक्निशियन काचेवर रक्ताचा थेंब पसरवून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजतो आणि त्यात गुलाबी-केशरी दाण्यांच्या किती दिसल्या ते लिहितो. सहा दिसल्या तर 6 टक्के. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ही मोजणी, पण इथे शितं शंभरच आणि त्यातली आपल्या कामाची जेमतेम सहा. संख्याशास्त्राने पाहिलं तर शंभरात सहा दिसल्या याचा अर्थ खरं प्रमाण 2 ते 13 टक्क्यांत कुठेही असू शकतं. वडिलांच्या 7,200 पेशींवर हा पट्टा अंदाजे दीडशे ते नऊशे असा येतो! टेक्निशियनने काळजीपूर्वक मोजलं तरी ही अनिश्चितता जात नाही, मुळात मोजलेल्या पेशीच कमी असतात. म्हणून महत्त्वाचा निर्णय एकाच रिपोर्टवर टाकू नये. काही आठवड्यांच्या अंतराने, स्थिर तब्येतीत, फाइव्ह पार्ट मशीनवर आणखी एकदा सीबीसी करून घ्या. लॅबला फोन करून विचारलं तर कोणतं मशीन आहे ते सांगतात. जुने सीबीसी घरात असतील तर तेही काढा. मधुमेहासाठी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, कशासाठीही केलेले चालतील. तीन-चार जुन्या आकड्यांची रांग मला एका नव्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगते. अंदाज म्हणून सांगतो, 100 च्या खाली असणारे बहुधा खालीच राहतात, वरच्या आकड्यांत चढउतार जास्त असतात. पुढच्या वेळी 432 ऐवजी 310 आले तर घाबरून औषध बदलायला धावू नका.

शेजारच्या काकांचा सल्ला मी उडवून लावणार नाही, कारण त्यामागे आपल्या भागाचा खरा इतिहास आहे. पाश्चात्य मार्गदर्शिकांत इओसिनोफिल म्हटलं की सीओपीडी, दमा, अ‍ॅलर्जी एवढंच डोळ्यांपुढे असतं. आपल्याकडे त्या रांगेत जंत आणि हत्तीरोगाचे कृमीही उभे असतात. हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणारा फुप्फुसाचा एक आजार आहे, ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात काम केलेल्या डॉक्टरांना तो चांगला ठाऊक असतो. बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन माणूस, रात्री उसळणारा कोरडा खोकला, छातीत सूं-सूं, थोडा ताप, वजन उतरलेलं, आणि एईसी 3,000 च्या वर. तिथे डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे तुमचं हेट्राझान, तीन आठवडे दिलं की बहुतेकांना लवकर उतार पडतो. त्या अनुभवातून एक सवय लागली: रिपोर्टवर इओसिनोफिल जरा वाढलेले दिसले की ‘इस्नोफिलिया झालाय’ म्हणून या गोळ्या. पण 432 आणि 3,000 यांत फार अंतर आहे. बिडीने फुप्फुस झिजलेल्या 67 वर्षांच्या माणसाला 432 साठी हेट्राझान देण्यात काही अर्थ नाही.

जंतांचं मात्र बघावं. वडील शेतात अनवाणी वावरत असतील, किंवा आयुष्य तसं गेलं असेल, तर शौचाची तपासणी करून घ्या. अंकुशकृमी आणि गोल जंत यांच्यासाठी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी पुरेशी असते, स्वस्त आहे, आणि त्यानंतर एईसी उतरला तर हिशेब नव्याने करता येतो. त्याहून लक्ष ठेवायचा तो स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक कृमी. पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतल्या आत पिढ्या वाढवत वर्षानुवर्षं राहतो. साध्या शौच तपासणीत पुष्कळदा हुकतो, अल्बेंडाझोलच्या एका गोळीने जात नाही, त्याला आयव्हरमेक्टिन लागतं. याचं महत्त्व असं की असा कृमी पोटात असताना स्टिरॉइडच्या गोळ्यांचे मोठे किंवा लांबलेले कोर्स दिले तर तो अंगभर पसरू शकतो आणि प्रकरण जिवावर बेततं. पंपातल्या स्टिरॉइडची ती भीती नगण्य आहे. ज्यांना वरचेवर गोळ्या लागतात त्यांच्या बाबतीत मी हे डोक्यात ठेवतो.

आकडा 1,000 किंवा 1,500 च्या वर असता तर मी सीओपीडीचा विचार बाजूला ठेवून आधी इतर कारणं शोधली असती: वर सांगितलेले कृमी, एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन, अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी (यात कधी कधी खोकल्यातून तपकिरी घट्ट गुठळ्या पडतात), रक्ताचे आजार. आणि कुठल्याही आकड्याला एक प्रश्न विचारावाच लागतो, हा मुळात दमाच तर नाही? लहानपणापासून शिंका, त्वचेला खाज, घरात दम्याची माणसं, धाप एक दिवस खूप आणि दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, असा इतिहास असेल तर एईसी 80 असला तरी स्टिरॉइडचा पंप लागतोच. 100 आणि 300 च्या रेषा दम्याला लावायच्या नाहीत. इथे गफलत झालेली मी पाहतो: दमा आणि सीओपीडी दोन्ही असलेल्या रुग्णाचं स्टिरॉइड ‘इओसिनोफिल कमी आहेत’ म्हणून थांबवतात आणि महिन्याभरात तो माणूस आयसीयूत दिसतो.

पंपातल्या स्टिरॉइडचे तोटे खरे आहेत, ते झाकून ठेवत नाही. सगळ्यात महत्त्वाचा न्यूमोनिया. 2007 च्या टॉर्च चाचणीत तीन वर्षांत औषधविरहित पंप घेणाऱ्यांपैकी 12.3 टक्के लोकांना न्यूमोनिया झाल्याची नोंद झाली, सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोन (यातलं फ्लुटिकासोन म्हणजे स्टिरॉइड) घेणाऱ्यांत हेच प्रमाण 19.6 टक्के होतं. वय जास्त, वजन कमी, आधी न्यूमोनिया झालेला, बिडी अजून चालू, अशांना धोका जास्त. गंमत म्हणजे इओसिनोफिल 100 च्या खाली असणाऱ्यांना फायदाही कमी आणि न्यूमोनियाची भीतीही जास्त. तिथे स्टिरॉइड न देणंच शहाणपणाचं, आणि दोन औषधांच्या पंपावरही अटॅक येत असतील तर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा रोफ्लुमिलास्ट यांसारखे वेगळे मार्ग आहेत. टीबीचं आपल्याकडे विसरून चालत नाही. या पंपांनी टीबीची शक्यता थोडी वाढते, म्हणून सुरू करताना छातीचा एक्स-रे पाहिलेला असावा, आणि पुढे कधीही संध्याकाळचा ताप, वजन उतरणं किंवा थुंकीत रक्त दिसलं तर थुंकी तपासावी. तोंडात पांढरे चट्टे आणि आवाज बसणं हे रोजचे त्रास. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकून टाकलं की बरेचसे टळतात. मधुमेह असेल तर साखरेवर नजर ठेवा.

वडिलांना कोणता पंप दिला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते तो कसा घेतात हे एकदा समोर बसून बघा. रोटाकॅपचं (कॅप्सूलमधली पूड ओढायचं) यंत्र असेल तर जोरात आणि खोल ओढावं लागतं, आणि धापेच्या माणसाला तेवढा जोर येतोच असं नाही. स्प्रेचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हवाच. दाबलेलं औषध जिभेवर आणि घशातच राहत असेल तर एईसी 432 असो वा 42, फरक पडणार नाही. बिडी सोडली हे फार चांगलं केलं. ओढत असताना स्टिरॉइडचा फायदा कमी मिळतो, हे चाचण्यांतही दिसलं आहे. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस झाली नसेल तर तीही या महिन्यात उरकून घ्या.

चालू असलेलं स्टिरॉइड कधी काढायचं, हाही प्रश्न पुढे येईल. पंप चालू असताना न्यूमोनिया झाला, किंवा वारंवार मोजूनही आकडा 100 च्या खालीच राहिला, किंवा मुळात ते विनाकारण सुरू झालं होतं असं लक्षात आलं, तर डॉक्टर ते काढून दोन औषधांचा पंप देतात. 300 च्या वर असणाऱ्याचं काढताना अटॅक परत येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून ‘स्टिरॉइड वाईट’ एवढ्याच कारणाने वडिलांचं कुणी काढू म्हणालं तर ‘आकडा किती आणि गेल्या वर्षी अटॅक किती’ हे दोन प्रश्न विचारा.

दम उसळला की लगेच स्टिरॉइडच्या गोळ्या, हेही आता पूर्वीइतकं सरधोपट राहिलेलं नाही. मात्रा आणि दिवस तर केव्हाच आटोक्यात आले. 2013 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रिड्यूस चाचणीने दाखवलं की प्रेडनिसोलोनच्या जातीचं औषध 40 मिलिग्रॅम पाच दिवस दिलं तरी चौदा दिवसांइतकाच उपयोग होतो. 2019 मध्ये डेन्मार्कमध्ये अ‍ॅडमिट झालेल्या रुग्णांवर आणखी एक प्रयोग झाला: पहिल्या दिवशी सगळ्यांना स्टिरॉइड, नंतर रोज रक्त तपासून एईसी 300 किंवा वर असेल त्याच दिवशी गोळी. या पद्धतीत गोळ्यांचे दिवस पाचावरून दोनावर आले आणि घरी जिवंत राहिलेल्या दिवसांत तोटा झाला नाही. आपल्याकडे रोज सीबीसी करून गोळी ठरवणं सगळीकडे जमणारं नाही, पण यातून घ्यायचं ते एवढंच की घरात ठेवलेली पट्टी संपेपर्यंत महिना महिना गोळ्या घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. सीओपीडीच्या वृद्धांची हाडं, साखर आणि स्नायू यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच गोळ्यांनी होतं, पंपाने नव्हे. भीती मात्र लोकांना पंपाची वाटते!

इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेलच. डुपिलुमॅब नावाचं, दोन आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सीओपीडीसाठी अमेरिकेत सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालं. मेपोलिझुमॅब मे 2025 मध्ये. ही दोन्ही इओसिनोफिल जास्त असलेल्यांसाठी आणि तिन्ही औषधांचा पंप नीट घेऊनही अटॅक येत राहणाऱ्यांसाठी आहेत. बोरिअस या चाचणीत डुपिलुमॅबने अटॅक 30 टक्क्यांनी कमी झाले, तिथे प्रवेशालाच एईसी 300 ची अट होती. मात्र इओसिनोफिल जवळजवळ पुसून टाकणारं बेनरालिझुमॅब 2019 च्या दोन मोठ्या चाचण्यांत सीओपीडीचे अटॅक अपेक्षेइतके कमी करू शकलं नाही. म्हणजे आकडा खाली आणला की आजार हटला, असं समीकरण नाही. वडिलांना आज यातलं काही लागत नाही. वर्षभर पंप नीट घेऊनही दोनदा अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर तेव्हा बोलू, आणि खर्चाचाही विचार करावा लागेल, कारण ही औषधं फार महाग आहेत.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर मांडून न्या: गेल्या बारा महिन्यांत कधी कधी दम उसळला, प्रत्येक वेळी काय दिलं (इंजेक्शन, गोळ्या, अँटिबायोटिक), किती दिवस दिलं, आणि प्रत्येक सीबीसीची तारीख, पांढऱ्या पेशी, टक्के, एईसी. रक्त काढायच्या आधीच्या महिन्यात स्टिरॉइड मिळालं होतं का, तेही तारखेपुढे लिहा. हा एक कागद असेल तर 0 आणि 432 चा गोंधळ पुन्हा होणार नाही.

आता आई. चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, बिडीला हात न लावलेल्या बायकांना होतो, आणि भारतात अशा रुग्णांची संख्या मोठी आहे. पण तिचं निदान अजून झालेलंच नाही. एईसी सीओपीडी आहे की नाही हे सांगत नाही, निदान झाल्यावर कोणतं औषध द्यायचं एवढंच सुचवतो. त्यामुळे तिच्यासाठी आधी स्पायरोमेट्री: औषधाची वाफ दिल्यानंतरचं एफईव्ही1 (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसीचं (एकूण फुंकलेली हवा) गुणोत्तर 0.7 च्या खाली आहे का, ते पाहायचं. तिच्या वयाला हृदय आणि रक्तक्षय यांनीही धाप लागते, म्हणून ईसीजी आणि हिमोग्लोबिन सोबतच करा. त्या हिमोग्लोबिनसाठी जी सीबीसी होईल त्यात तिचा एईसी आपोआप येईल, वेगळे पैसे नकोत. ती सध्या एखादा पंप घेत असेल तर तो चाचणीच्या किती तास आधी थांबवायचा, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.